‘लोकांची मानसिकता नाही’ हे आता बोलू नका

प्रति,
कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतले सर्व १८ आमदार, खासदार, नगरसेवक, जिल्हा परिषद व पंचायत समिती सदस्य आणि गावोगावचे सरपंच

सप्रेम नमस्कार.

हवामान बदलाची बैठक असो, पूरनियंत्रणाची कार्यशाळा असो की पाच जूनचं वृक्षारोपण, व्यासपीठावरून एक वाक्य हमखास येतं. ‘आमची तयारी आहे हो, पण लोकांची मानसिकता नाही.’ पक्ष कुठलाही असू दे, वाक्य बदलत नाही. समोर बसलेले आम्हीसुद्धा माना डोलावतो, कारण प्रत्येकाला वाटतं की हे आपल्याबद्दल नाही, शेजारच्याबद्दल चाललंय. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. ते खरं नाही. आणि ते खरं धरून चालल्यामुळं आपल्या दोन जिल्ह्यांची कामं वर्षानुवर्षं अडून बसली आहेत, हे तुम्हाला कळकळीनं सांगायचंय.

मी शिरोळ तालुक्यातली शेतकरी. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांच्या पाण्यावर आमचा तालुका पिकतो आणि त्याच पाण्यात बुडतो. जुलै उजाडला की इकडच्या फोनवर पहिला प्रश्न असतो, ‘राजारामला किती?’ सांगलीचे पाहुणे विचारतात, ‘आयर्विनला किती?’ कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० ला इशारा आणि ४५ ला धोका, हे आकडे आमच्याकडं शाळकरी पोरांना पाठ असतात. राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कोयनेतून किती क्युसेक सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती पुढं गेलं, याची चर्चा बाजारात भाजी घेताना होते. अशा लोकांना जागृतीची गरज आहे असं तुम्हाला खरंच वाटतं का?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये राजारामची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ती ५६ फुटांच्या वर गेली. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि कोल्हापूर पुण्यापासून तुटलं. २०१९ ला दोन्ही जिल्ह्यांत मिळून चार लाखांहून अधिक माणसं हलवावी लागली. ब्रह्मनाळला तर गावातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोटच उलटली. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापैकी अनेक जण तेव्हा कमरेइतक्या पाण्यात उभे होते, ते आम्ही विसरलेलो नाही. पण या दोन पुरांच्या मधल्या काळात लोकांनी काय केलं, हे मात्र कुठल्याच अहवालात नीट आलेलं नाही.

२०१९ ला ‘आमच्या दारात आजवर पाणी आलंच नव्हतं’ म्हणून कितीतरी कुटुंबं घरातच थांबली होती. २०२१ ला त्यातली बहुतेक पाणी चढायच्या आत बाहेर पडली. आधी जनावरं, मग म्हातारी माणसं, मग धान्य, असा क्रम गल्लीगल्लीत ठरून गेला होता. सांगलीच्या गणपती पेठेतले व्यापारी पातळी वाढल्याची बातमी आली की माल माडीवर चढवतात. कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात पूर नेमका गणपतीच्या तोंडावर येतो, तेव्हा कुंभार मंडळी ओल्या रंगाच्या मूर्ती उचलून उंचावर नेतात. नवं घर बांधताना लोक गवंड्याला भिंतीवरची पुराची खूण दाखवतात आणि जोतं किती उचलायचं ते सांगतात. विजेचा मीटर डोक्याच्या वर बसवून घेतात. यातला रुपया न् रुपया घरचा आहे. २०१९ च्या पुरानंतर सानुग्रह अनुदान मिळालं ते ग्रामीण भागात १० हजार आणि शहरात १५ हजार. एका घरातला चिखल काढून भिंती परत उभ्या करायला काय लागतं, याचा हिशेब तुम्हाला मी सांगायला नको.

तज्ज्ञ ज्याला अनुकूलन म्हणतात ते हेच. आमची माणसं ते एकेकटी करत आहेत, आपापल्या ऐपतीप्रमाणं, कर्ज काढून. ज्याची ऐपत नाही तो करू शकत नाही, आणि मग त्याचं घर दाखवून सांगितलं जातं की बघा, लोकांना गांभीर्य नाही.

पाऊस बदललाय हे शेतकऱ्याला कुणी पटवून द्यावं लागत नाही. लांबलेली उघडीप आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस, हे दर वर्षी आम्ही शिवारात बघतो. शास्त्रज्ञ त्याची कारणं सांगतात. हवा एक अंशानं तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, आणि त्यामागं तापत चाललेल्या अरबी समुद्रावरून येणारं बाष्प आहे. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. कृष्णा आणि कोयना तिथूनच निघतात. त्या रात्री डोंगरावर पडलेलं पाणी कुणाच्या उंबऱ्यापर्यंत येणार होतं, हे नदीकाठच्या माणसाला वेगळं शिकवावं लागलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही पूरपट्ट्यातली माणसं, त्यांचं वेगळं. बाकीच्यांना काय पडलंय? म्हणून थोडे आकडे सांगते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठानं सी-व्होटर या संस्थेबरोबर भारतातल्या ४,६१९ प्रौढांना जागतिक तापमानवाढीबद्दल विचारलं, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सुरुवातीला ५४ टक्के लोक म्हणाले, आम्हाला याबद्दल थोडंसंच माहीत आहे किंवा आम्ही हे कधी ऐकलेलंच नाही. ‘आम्हाला बरंच माहीत आहे’ म्हणणारे फक्त ९ टक्के निघाले. तुमच्या कार्यशाळांमध्ये एवढाच आकडा दाखवतात आणि थांबतात. पण त्याच सर्वेक्षणात पुढं लोकांना तापमानवाढ म्हणजे काय ते चार शब्दांत समजावून सांगितलं आणि मग विचारलं. तेव्हा ८४ टक्के म्हणाले, हे घडतंय. ८१ टक्क्यांना त्याची काळजी वाटत होती, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना थोडीथोडकी नव्हे, खूप काळजी वाटत होती. ७४ टक्के म्हणाले, आम्ही त्याचे परिणाम स्वतः भोगले आहेत. ६४ टक्क्यांचं म्हणणं होतं की सरकारनं आणखी करायला हवं.

दुसरा अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो. तो २०२४ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात आला. १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांना विचारलं होतं की तापमानवाढ रोखण्यासाठी घरच्या उत्पन्नातला एक टक्का दर महिन्याला द्याल का? ६९ टक्के हो म्हणाले. ८९ टक्के म्हणाले, आमच्या सरकारनं जास्त करावं. मग त्यांना विचारलं, तुमच्या देशातल्या शंभर माणसांपैकी किती जण एक टक्का देतील असं तुम्हाला वाटतं? त्याचं सरासरी उत्तर आलं ४३. म्हणजे शंभरातले ६९ स्वतः तयार, पण त्यांना वाटतं की तयार असलेले निम्मेसुद्धा नाहीत. माझ्या मते आपल्या दोन जिल्ह्यांचं दुखणं नेमकं इथं आहे. माणूस तयार असतो, पण आपण एकटेच आहोत असं समजून गप्प बसतो. आणि तो गप्प बसलाय हे बघून तुम्ही म्हणता, बघा, मानसिकता नाही. तुमचं ते वाक्य माइकवरून ऐकलं की त्याची खात्री आणखी पक्की होते.

तोंडानं हो म्हणणं आणि खिशातून काढणं यात अंतर असतं, हे मला मान्य आहे. म्हणून सर्वेक्षणं बाजूला ठेवू आणि कोल्हापूरकरांनी प्रत्यक्षात काय करून दाखवलं ते बघू.

गणपती विसर्जनाचंच घ्या. पंचगंगेत मूर्ती सोडू नका असं सांगणारे कार्यकर्ते आपल्याकडं मूर्तिदानाची मोहीम घेऊन उभे राहिले, तेव्हा त्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. श्रद्धेचा विषय आहे, हात लावू नका, मतं जातील, असा सल्ला तेव्हाच्या पुढाऱ्यांना सगळेच देत होते. पुढं काय झालं? चौकाचौकात पाण्यानं भरलेल्या काहिली, म्हणजे मोठाल्या कढया, ठेवल्या गेल्या. निर्माल्यासाठी वेगळी सोय झाली. मूर्ती सन्मानानं नेण्यासाठी ट्रॅक्टर आले, माणसं नेमली गेली. मोठ्या मंडळांसाठी पाण्यानं भरलेल्या इराणी खणीवर क्रेन आणि दिव्यांची सोय झाली. आणि लोक आले. घरातली आजी, कडेवर पोर घेतलेली सून, आरतीचं ताट, सगळं तसंच राहिलं, फक्त विसर्जनाची जागा बदलली. ज्या महाद्वार रोडवरून मिरवणूक थेट नदीकडं जायची, तिथली नावाजलेली मंडळं खणीकडं वळली. जिल्ह्यातल्या गावांनीही हेच उचललं, विहिरी आणि कुंड ठरवून घेतली. वाद अजून होतात, प्लास्टर ऑफ पॅरिसचा प्रश्न सुटलेला नाही, ते खरं. पण नदीकाठच्या शहरानं शंभर वर्षांची सवय एका पिढीत बदलली, हे आपल्या डोळ्यांदेखत घडलंय.

आधी लोकांची मानसिकता बदलली आणि मग काहिली आल्या, असं झालेलं नाही. काहिल घराजवळ आली, तिच्यापाशी थांबायला माणूस आला, आणि मुख्य म्हणजे शेजारचं घर तिथं आरती करताना दिसलं. एकदा शेजारी दिसला की दुसऱ्या वर्षी कुणाला सांगावं लागलं नाही. पंचगंगा स्मशानभूमीचंही तेच. तिथं अंत्यसंस्कार मोफत होतात आणि होळीला कितीतरी मंडळं, तालमी आणि शाळा होळी लहान करून शेणी, म्हणजे गोवऱ्या, स्मशानभूमीला देतात. कुणाच्याही दारात जाऊन भाषण ठोकावं लागत नाही.

आणि एकजुटीचं म्हणाल तर तुम्ही सगळे साक्षीदार आहात. कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनानं किती वर्षं नेट धरला आणि शेवटी टोल घालवला, ते राज्यानं बघितलं. २०२५ मध्ये नांदणी मठाची महादेवी हत्तीण परत मिळावी म्हणून नांदणीपासून कोल्हापूरपर्यंत हजारो माणसं चालत गेली, आणि तुमच्यातले किती जण त्यात चालत होते! त्या प्रश्नावर कुणाचं मत काय, हा इथला विषय नाही. ज्या जिल्ह्यात एका हाकेवर सर्व पक्षांची, सर्व जातिधर्मांची माणसं रस्त्यावर उतरतात, तिथं लोक ढिम्म आहेत असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे.

आमच्या चुकाही सांगते, कारण त्या लपवून हे पत्र खरं होणार नाही. महापुरात सगळं गमावलेला माणूस चार वर्षांनी पुराच्या निळ्या रेषेच्या आत गुंठा घेतो. सहज चालत जाण्यासारख्या अंतरावर गाडी काढतो. नाल्यावर स्लॅब टाकून दुकान वाढवतो आणि पाणी तुंबलं की पालिकेला शिव्या घालतो. उसाच्या पाचटाला, म्हणजे वाळलेल्या पाल्याला, काडी लावतो. हे सगळं आम्ही करतो. पण यातली एकेक गोष्ट उचलून बघा, तिच्यामागं मानसिकतेपेक्षा वेगळंच काहीतरी सापडतं.

निळ्या रेषेतला गुंठा तो का घेतो? कारण शहरात त्याला परवडणारी तेवढीच जागा आहे. पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे निळी रेषा, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची हद्द म्हणजे लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे आणि दोन रेषांच्या मध्ये अटी आहेत. हे नियम कागदावर जुनेच आहेत. पण त्या गरीब माणसाच्या प्लॉटला रस्ता कुणी दिला, नळ कुणी दिला, विजेचा खांब कुणी उभा केला, गुंठेवारी नियमित करून देऊ असं कुठल्या सभेत कुणी सांगितलं? सांगलीच्या शामरावनगरात पूर नसतानाही नुसत्या पावसानं महिनोन्महिने पाणी साचतं, तिथल्या माणसाला विचारा. तो म्हणेल, मला उंचावर जागा द्या, उद्या जातो.

चिखली आणि आंबेवाडीचं उदाहरण तर डोळ्यात पाणी आणणारं आहे. १९८९ च्या पुरानंतर या दोन गावांच्या पुनर्वसनासाठी सोनतळीला जागा ठरली. पस्तीस वर्षं होऊन गेली, तरी भूखंडांचे घोळ, कागदपत्रं, मोजणी संपत नाही. आणि गावकरी काय करतात? पंचगंगा वाढायला लागली की जनावरं घेऊन सोनतळीची वाट धरतात. गाव हलायला तयार आहे. प्रत्येक पावसाळ्यात ते हलूनच दाखवतं. सातबारा आणि मोजणीचा नकाशा तेवढा हलत नाही.

मग तुम्ही अलमट्टीकडं बोट दाखवता. धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करायला विरोध करा, जोरात करा, आम्ही तुमच्या मागं आहोत. पण २०१९ च्या पुरानंतर तुमच्याच सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवलेला नव्हता. तिनं अतिवृष्टी दाखवली आणि नदीपात्रातली अतिक्रमणं दाखवली. कर्नाटकाविरुद्ध बोलायला सगळे पक्ष एका व्यासपीठावर येतात, कारण त्यात इथल्या कुणाचं काही जात नाही. स्वतःच्या हद्दीतल्या भरावाबद्दल बोलायचं म्हटलं की व्यासपीठ रिकामं. महामार्गाला आणि पुलाच्या दोन्ही बाजूंना टाकलेले मातीचे भराव पाणी अडवून धरतात, त्याऐवजी कमानींचा किंवा खांबांवरचा रस्ता द्या, ही मागणी इथल्या शेतकऱ्यांनी आणि गावांनी कितीदा केली! निवेदनं दिली, रस्ते अडवले. पाणी कसं वाहतं हे ओळखून त्यावर योग्य उपाय मागणारे हे लोक, आणि मानसिकता नाही म्हणायचं ती यांची?

पाचटाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तो माझ्या शेतातला विषय आहे आणि तुमच्यापैकी अनेकांच्या हातात साखर कारखाने आहेत. ऊस तुटला की एकरी तीन-चार टन पाचट रानात पडतं. ते जाळलं तर धूर आणि कर्ब हवेत, आणि जमिनीतला जीव मेलेला. न जाळता कुट्टी करून सरीत ठेवलं तर ओल टिकते, तण दबतं, खत होतं आणि खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, चांगला येतो. हे कृषी विद्यापीठ सांगून दमलंय आणि शेतकऱ्याला पटलेलंही आहे. आमच्या भागात पाचट न जाळणारे शेतकरी दर वर्षी वाढत आहेत. तरीही जाळणारा का जाळतो? तोड होऊन चार दिवसांत खोडव्याला पाणी द्यायचं असतं. सरीत पाचट असलं की पाणी पुढं सरकत नाही. बुडखे मोकळे करायला मजूर मिळत नाहीत. कुट्टीचं यंत्र गावात एखाद-दुसऱ्याकडं, त्याची पाळी लागेपर्यंत पंधरा दिवस जातात, आणि भाडं परवडत नाही. मग शेजारच्या रानातून ठिणगी येऊन आपलंही पेटतं आणि प्रश्न मिटतो.

आता बघा. कुठल्या तारखेला कुणाच्या उसाला तोड द्यायची, याचं वेळापत्रक कारखान्याकडं असतं. तोडणीची टोळी कुठल्या शिवारात आहे हे चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या शिवारातल्या माणसाला, माहीत असतं. त्याच टोळीच्या मागं दुसऱ्या दिवशी कारखान्याचं कुट्टी यंत्र आलं आणि भाडं उसाच्या बिलातून थोडं थोडं वळतं झालं, तर काडी लावायला कारणच उरत नाही. यासाठी दिल्लीत कायदा व्हायला नको, मुंबईत ठराव व्हायला नको. संचालक मंडळाच्या एका बैठकीचं काम आहे. एका गळीत हंगामात हे करून बघा आणि मग शेतकऱ्याची मानसिकता मोजा.

बसचंही असंच. २०२३ च्या मार्चमध्ये एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या बायकांनी भरून गेल्या. कुणी त्यांना प्रदूषणावर व्याख्यान दिलं नव्हतं. तिकीट परवडलं, त्या बसल्या. कोल्हापूरला केंद्राच्या ई-बस योजनेतून १०० बस मंजूर झाल्या, त्याचे फलक आम्ही वाचले. पण कॉलेजच्या मुलीला संध्याकाळची शेवटची गाडी कधी येईल याचा भरवसा नसेल, तर बाप कर्ज काढून तिला दुचाकी घेऊनच देणार. तो हौसेनं पेट्रोल जाळत नाही.

छतावरच्या सौरविजेबद्दल फार लिहीत नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. डोंगरातली छोटीशी वाडी, पण ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं आणि झालं. तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान केंद्र देतंय. आपल्या गावांत अडतं ते अर्ज, कर्ज, मीटर आणि कंत्राटदाराच्या खेपांमध्ये. ग्रामपंचायतीनं सगळ्यांचे अर्ज एकत्र केले तर त्यातल्या निम्म्या खेपा वाचतील.

तुम्हाला एक भीती वाटते, आणि ती मी समजू शकते. निळ्या रेषेबद्दल कडक बोललं तर तिथले मतदार दुखावतील. भरावाला विरोध केला तर कंत्राटदार दुरावेल. मोटारींपेक्षा बसला जागा दिली तर शहरातला व्यापारी चिडेल. यातलं काही खरंही ठरेल. पण दुसऱ्या बाजूला किती माणसं आहेत हे तुम्ही कधी मोजलेलंच नाही, कारण ती बोलत नाहीत. पूर ओसरल्यावर आठवडाभर चिखल उपसणारी, भाच्याच्या लग्नाला ठेवलेले पैसे जोत्यात घालणारी, धुराच्या वासानं नातवाला उराशी धरणारी ही माणसं मतदारच आहेत. प्रचारात त्यांच्याशी या विषयावर कुणी बोललंच नाही, तर त्यांनी कुणाला मत देऊन हे सांगायचं होतं?

म्हणून तुमच्याकडं पहिली मागणी भाषणाची आहे. पुढच्या सभेत ते जुनं वाक्य गाळा. त्याऐवजी सांगा की या गावात इतक्या घरांनी जोती उचलली, इतक्या एकरांत पाचट जळलं नाही, इतक्या मंडळांनी मूर्ती खणीत सोडल्या. हे आकडे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक तुम्हाला आठवड्यात गोळा करून देतील. आपल्यासारखे आणखी किती आहेत हे लोकांना कळू द्या. त्याला निधी लागत नाही.

बाकीच्या मागण्या कागदाच्या आहेत. निळी आणि लाल रेषा प्रत्येक गावात आणि प्रत्येक प्रभागात खांब रोवून, रंग लावून दाखवा. आणि ती रेषा सरकवण्यासाठी तुमच्यापैकी कुणीही अधिकाऱ्याला फोन करणार नाही, हे जाहीर सांगा. रेषेच्या आत राहणाऱ्या गरिबाला उंचावरची जागा कुठं देणार, त्याचे गट क्रमांक सांगा. चिखली आणि आंबेवाडीच्या भूखंडांची मोजणी संपायची तारीख सांगा. नव्या रस्त्याचं काम मंजूर होण्याआधी त्यातून पाणी कुठून जाईल, हे त्या गावातल्या लोकांना विचारा आणि त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहा. ज्यांच्याकडं कारखाने आहेत त्यांनी या हंगामापासून कुट्टी यंत्रं टोळीला जोडा. ज्यांच्याकडं पालिका आहे त्यांनी बसच्या शेवटच्या फेरीची वेळ थांब्यावर लावा आणि ती पाळा.

यातलं एकही काम लोकांकडून एकेकट्यानं होणारं नाही. जोतं मी उचलीन, पण महामार्गाचा भराव मी कसा काढणार? पाचट मी ठेवीन, पण शेजारच्या रानात यंत्र कोण पाठवणार? तिथं तुम्ही लागता, आणि त्यासाठीच तुम्हाला निवडून दिलंय.

१ मेला गावोगावी ग्रामसभा असते. नदीकाठच्या निदान एका गावात तुम्ही स्वतः या. येताना पूररेषेचा नकाशा, पुनर्वसनाच्या जागेचा उतारा आणि कुट्टी यंत्रांचं वेळापत्रक घेऊन या. गेल्या वेळी कोरमअभावी तहकूब झाली, अशी सबब या वेळी कुणालाही सांगावी लागणार नाही. पाणी कुठवर आलं होतं हे दाखवायला, कुठली जागा सोडायला तयार आहोत हे सांगायला आणि तुमच्याकडून तारखा लिहून घ्यायला आम्ही बायका पोरांसकट हजर असू.

आपली नम्र,
शिरोळ तालुक्यातली एक शेतकरी, एक मतदार